ओळीचं शेवटचं अक्षर

मळवली, १२ नोव्हेंबर १९३४
पोचलो एकदाचा! पेन्शनीतले दिवस आता इथंच काढायचे. बंगल्याचे मालक उन्हाळ्यापुरते येतात. राखण मकसूद आणि त्याची बायको जैतुनबी करतात. मला मागची खोली मिळाली आहे. खिडकीतून भाताची खाचरं, पलीकडे लोहगड, आणि हवेला ताज्या पेंढ्याचा वास. वर्गात पोरं कविता म्हणू लागली की असंच काहीसं डोळ्यांपुढं यायचं. जैतुनबीनं ट्रंक ओढताना विचारलं, आबा, धोंडं भरल्यात का काय हिच्यात? म्हटलं, नाही गं, रेडिओ आहे, सुटा सुटा. लेकीसारखी वाटली.

१६ नोव्हेंबर
रेडिओ जोडून झाला, पण मुंबई केंद्र संध्याकाळीच बोलतं. दिवसा रेडिओ जुळवायचा तर आपलीच एक शिट्टी हवी. म्हणून छोटंसं यंत्र केलं. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली; जोडीला दिव्यासारखा तापणारा एक व्हॉल्व्ह, एक कंडेन्सर आणि लोणावळ्याहून भरून आणलेली बॅटरी. तारमास्तराची असते तशी चावी दाबली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला रेडिओच्या हेडफोनात बारीक शिट्टी वाजते. मकसूदनं तो कानाला लावून पाहिला. म्हणाला, मास्तर, शिटीपायी येवढा खटाटोप? ती तर गाडीवाला रोज फुकट मारतुया!

१९ नोव्हेंबर
चावीवर ऱ्हस्व-दीर्घ काय सुरेख वाजतं! मग काय, भुजंगप्रयात. पोरांकडून घोकून घ्यायचो तसाच: यमाचा यमाचा यमाचा यमाचा. एक आखूड, दोन लांब, असं चारदा. हात काढून घेतला आणि तीच ओळ हेडफोनात परत आली. चावी तर मोकळी होती. पुण्याचा कोणी हौशी असेल. वृत्त जाणणारा! जीव हरखून गेला.

२२ नोव्हेंबर
शाळेत ओळीचं शेवटचं अक्षर मी मुद्दाम सोडायचो; ते सगळ्या वर्गानं एका सुरात भरायचं. आज तसंच केलं. मग पलीकडून ते एक लांब अक्षर आलं. एकट्यादुकट्याचं वाटेना, वर्गभराचं वाटलं. डोळे भरून आले. रिकाम्या खोलीत मोठ्यानं शाब्बास म्हणालो.

२५ नोव्हेंबर
आज सुरुवात त्यानंच केली. ओळ म्हटली आणि शेवटचं अक्षर माझ्यासाठी सोडलं. मास्तर मी की तो? मी चावीला हात लावला नाही. तेवढ्यात अंगणात जैतुनबीची शेळी एकदाच लांब ओरडली आणि आडवी झाली. मकसूद म्हणतो, जनावर चावलं आसंल. दात कुठं उमटलेले दिसले नाहीत.

२७ नोव्हेंबर
पुन्हा ओळ. पुन्हा मी गप्प. कुंपणापलीकडं शेजारचा भिमाजी भात झोडत होता. त्याला एकच लांब खोकला आला. खाली बसला तो उठलाच नाही. सकाळीच विचारून गेला होता, तुमच्या रेडिवत तमाशा लागतो का वो?

२८ नोव्हेंबर
आता कळलं. सोडलेलं अक्षर कोणी तरी भरायचंच. जो भरील, तो — आणि ही रीत मीच शिकवली. बॅटरी काढली. गुंडाळलेली तार उसवली. व्हॉल्व्ह थंडगार आहे. हेडफोन रेडिओपासून सोडवून खुंटीला टांगलाय — त्यात ओळ चालूच.

२९, सकाळ
जैतुनबी भाकरी थापते आहे. थप, थाप, थाप. तीच चाल. शेवटच्या थापेपाशी हात अडखळतो. म्हटलं, पोरी, भाकरी राहू दे, भात टाक. हसली. आबा, भाकरीबिगर तुमच्या घशाखाली उतरतं व्हय? माजा हातच आज आसा चालतुया बगा. मकसूदला सांगितलं, हिला आत्ता इथून ने. त्याला वाटतं म्हातारा बिथरला —

२९, जरा वेळानं
तिचा हात वर. खाली येत नाही. मकसूद हाका मारतोय. ओठ निळे — ती थाप पडायच्या आत ते अक्षर मी द्यायला हवं — चावी मुकी — मीच मोडलं यंत्र — आवाज फुटत नाही — मग इथंच, लेखणीनं — उभ्या आयुष्यात एक ओळ अपुरी राहू दिली नाही — यमाचा यमाचा यमाचा यमा