सात नंबरच्या वाफ्याची हजेरी

ती. जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (हे 'वाकून' नुसतं लिहिण्यापुरतं नाही. गेलं वर्षभर मी रोज सकाळी दोन वाफ्यांवर वाकलेली असते आणि त्यातला एक तुमचा आहे.) खुब्याचं हाड आता काय म्हणतं? काठीचा आधार घेता, की ती नुसती लोकांवर उगारायला ठेवली आहे? पुतणीनं लिहिलंय की तुम्ही तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेत आणि तेव्हापासून तिला मीठ सापडत नाही. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे तब्येत सुधारते आहे. इकडे तुमचे धाकटे दीर ठणठणीत आहेत. त्यांना कधीच काही होत नाही, आणि कोणी विचारपूस करत नाही म्हणून ते रुसून बसतात.

तुमचं पत्र पोचलं. सगळं पत्र पुतणीच्या अक्षरात, फक्त शेवटची ओळ तुमच्या हातची: 'माझा वाफा आता ज्याला हवा त्याला देऊन टाका.' ती ओळ मी तीनदा वाचली. चाळीस वर्षं आपण एका घरात काढली, पण तुम्ही कधी एखादी वस्तू 'ज्याला हवी त्याला' दिल्याचं मला आठवत नाही. कान तुटलेला कप मी एकदा टाकून दिला, तर तुम्ही तो कचऱ्यातून काढलात, धुतलात आणि पुन्हा माझ्याच समोर ठेवलात. त्या बाईनं अख्खा वाफा असा एका ओळीत सोडावा, हे मला बरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर रडू आलं. तेव्हा काय ते ठरवण्याआधी तुमच्या वाफ्याचं वर्ष कसं गेलं ते ऐका. थोडं लांबेल, चष्मा लावून बसा.

आपल्या सगळ्यांच्या सामायिक बागेचा नियम तुम्हाला आठवत असेलच, कारण तो तुम्हीच करायला लावलात. काम झालं की अवजारांच्या खोलीत जायचं, खिळ्याला टांगलेली वही काढायची, तारीख, वेळ आणि वाफ्याचा नंबर लिहून सही करायची. सलग तीस दिवस सही नसेल, तर वाफा यादीतल्या पुढच्या माणसाला. (त्या वेळी तुमचा रोख माझ्यावर होता हे मला माहीत आहे.) वही अर्थातच हेडमास्तरांच्या ताब्यात. ते निवृत्त झाले, त्यांची हजेरी काही निवृत्त झाली नाही. तर तुम्ही पडल्यानंतर अठ्ठावीस दिवस मी सात नंबरला नुसतं पाणी घालत होते. एकोणतिसाव्या दिवशी इकडेतिकडे बघून मी तुमची सही ठोकली. ती मला पाठच आहे: पहिलं अक्षर मोठं, बाकीची एकमेकांचा हात धरून चाललेली, आणि शेवटी ठसठशीत टिंब, म्हणजे पुढे कोणी बोलायचं नाही. सही इतकी झकास जमली की दुसऱ्या दिवशी गरज नसताना पुन्हा केली. मग सवयच लागली.

आता खरी भानगड ऐका. उन्हाळ्यात सगळ्यांच्या वाफ्यांना भेगा पडल्या होत्या आणि तुमच्या वाफ्यात चिखल. मी सकाळी एक झारी घालायची, एकच, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पायातली चप्पल रुतते आहे. टोमॅटो फुगून फुटले. एक बेडूक राहायला आला. मला वाटलं, खालून पाइप गळतोय. तुमच्या दिरांना बोलावलं, त्यांनी जमिनीला कान लावून पाचेक मिनिटं गंभीर चेहरा केला आणि पाण्याचा आवाज येतो म्हणून सांगितलं. (तो त्यांच्याच कानातला आवाज होता, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं.) पावसाळ्यात रोपं झोडपू नयेत म्हणून मी वर एक फाटकी चादर बांधली, तर चार दिवसांनी वाफ्यावर चादर, तिच्यावर प्लॅस्टिक, त्याच्यावर छत्री, आणि खाली अंधारात गोगलगायींचा संसार. थंडीत मी मूठभर खत टाकलं. वांग्याची झाडं माझ्या खांद्याला लागली, पानं ताटाएवढी झाली, आणि वांगं एकही नाही. मला तर वाटायला लागलं की तुम्ही तिकडे बसल्या बसल्या माझ्या कामात खोड काढताय. हे तुमच्या स्वभावाला धरूनच झालं असतं.

मधेच एक कबुली. तुम्ही सहा वर्षं म्हणत होतात की माझा पुदिना तुमच्या हद्दीत घुसतो, आणि मी सहा वर्षं कानावर हात ठेवले. जाऊबाई, तो घुसतो. तुमच्या बाजूनं मातीत हात घातल्यावर कळलं. खालून येतो, विटांच्या पलीकडे डोकं वर काढतो आणि जन्मापासून तिथेच असल्यासारखा उभा राहतो. रोज सकाळी मी माझाच पुदिना तुमच्या वाफ्यातून उपटते. उपटताना मनातल्या मनात तुमच्याशी भांडते, आणि भांडण मीच हरते. तुम्ही इथे असताना असं कधी झालं नव्हतं. समोर माणूस नसलं की हरायला काही वाटत नाही, असं दिसतंय.

तर गेल्या रविवारी वार्षिक सभा झाली. हेडमास्तरांनी वही उघडून वर्षभराची हजेरी वाचायला घेतली. शिंपीकाका दोनशे सहा. (ते दोन रोपांमधलं अंतर अजून टेपनंच मोजतात आणि चुकलं की उसवल्यासारखं उपटून पुन्हा लावतात.) दातांच्या डॉक्टरीणबाई एकशे ऐंशी. मी तीनशे दहा. आणि मग मास्तर थांबले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, वाफा नंबर सात, हजेरी चारशे अकरा. वर्षाचे दिवस किती, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी मनात मोजले. आतापर्यंत कोणाच्या ध्यानात का आलं नाही म्हणाल, तर खोटी सही करणारा माणूस वरच्या ओळी वाचत बसत नाही, पटकन पान मिटतो. मास्तरांनी पान सगळ्यांसमोर धरलं. एकाच तारखेला तुम्ही सकाळी आला होतात, दुपारी आला होतात, आणि संध्याकाळी दोनदा. एक सही माझी. एक शिंपीकाकांची, शेवटचं अक्षर धावदोऱ्यासारखं लांबवलेलं. एक डॉक्टरीणबाईंची, जी कोणालाच वाचता येत नव्हती. तिघांनी माना खाली घातल्या. म्हणजे पाणी तिघांचं, खत तिघांचं, आणि छत्रीसुद्धा (ती शिंपीकाकांची निघाली).

पण सह्या चार होत्या. चौथी अगदी वळणदार, आणि तिच्याखाली पट्टीनं मारलेली रेघ. पोरांनी प्रगतिपुस्तकावर केलेल्या बापाच्या खोट्या सह्या ज्या माणसानं पस्तीस वर्षं पकडल्या, त्यानं ती सही बराच वेळ बघितली आणि ती कोणाची हे ओळखता येत नाही असं जाहीर केलं. पट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होती.

आता शरमेनं माणूस कडक होतो, तसे मास्तर झाले. दुसऱ्याच्या नावानं सही बंद. या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत सात नंबरच्या मालकिणीनं स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं काम करून सही करायची, नाही तर वाफा यादीतल्या पुढच्या लोकांना. विरोध करायला तोंड कोणाला होतं? यादीत पुढे एक नवं जोडपं आहे. दोघंही कामसू, वाटेत भेटले की थांबून बोलतात. माणसं चांगली आहेत हीच पंचाईत, वाईट असती तर मी भांडले असते.

असो. तुमची इच्छा तुम्ही कळवलीच आहे, त्यात मी लुडबुड करणार नाही. तब्येतीला जपा, पुतणीला मीठ शोधून द्या. तुमचे दीर नमस्कार सांगतात.

तुमची (पुदिन्यासकट),
धाकटी जाऊ

ता. क. लुडबुड करणार नाही असं वर लिहिलंय, ते खोडलं असं समजा. रविवारी या. 'काम' म्हणजे काय हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही, मी वही चाळून बघितली. खुर्चीवर बसून पुदिन्याची एक काडी उपटलीत तरी चालेल. खुर्ची वाफ्यापाशी ठेवली आहे, शिंपीकाकांनी तिला उशी शिवली आहे (मापाला तुमच्या दिरांना बसवलं होतं, तेव्हा जरा मोठी होईल). डॉक्टरीणबाई स्वतः गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येणार आहेत. चार तासांचा रस्ता आहे आणि त्या सगळा वेळ बोलतील. उलट उत्तर देणारी माणसं त्यांना दिवसभर भेटत नाहीत.

आणखी एक ता. क. हे लिहायचं नव्हतं, पण पाकीट अजून चिकटवलेलं नाही. तुम्ही ज्या नळीला अडखळून पडलात ती रस्त्यात मी टाकली होती. पाणी झाल्यावर गुंडाळायचा कंटाळा केला. हेडमास्तरांना वाटत होतं की आदल्या संध्याकाळी त्यांचीच राहिली, म्हणून ते पट्टीनं रेघा मारत बसले, आणि मी वर्षभर त्यांना तसं वाटू दिलं. काल त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. ते फक्त 'बरं' म्हणाले आणि मला चहा दिला. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असा मला दाट संशय आहे. मला घालूनपाडून बोलायची एवढी मोठी संधी तुम्ही सोडलीत, आणि तेच माझ्या जिव्हारी लागलंय. इथे येऊन काय बोलायचं ते बोला.

नळी आता मी रोज स्वतः गुंडाळते, आणि फाटकापर्यंत गेले की परत येऊन बघते. रविवारी तिसऱ्यांदाही बघेन.