डिंकाचं पांघरूण

टेमघर, भिवंडी
ता. १२ एप्रिल २०२५

लाडक्या करिष्मास,
बाबाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. ऊन मी म्हणतंय, गल्लीभर मिरच्या वाळत पडल्यात आणि येणारा-जाणारा शिंकतोय. फोनवर बोलायला गेलं की तुझी आई शेजारी येऊन बसते, म्हणून लिहितो.

तुझं पार्सल मिळालं. तिकडे म्हैसूरच्या लॅबमध्ये तुम्ही मसाल्यातला वास तेवढा वाफेनं काढून घेता, तिखट मागे ठेवता आणि त्या वासाच्या कणाकणाला डिंकाचं पांघरूण घालता, एवढं मला कळलं. पण सोबतची चिठ्ठी वाचायला चष्मा कोण शोधणार? मसाला म्हटला की फोडणी! पहिली पुडी सरळ गरम तेलात टाकली. ती विरघळेना, वास येईना, तळाशी करपून बसली.

शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, "वास न्हाय त्यो मसाला कसला? पोरीनं भुसा धाडलाय."

तुला मी 'आईला तिखट चालत नाही' एवढंच सांगितलं होतं. पोरी, तिच्या जबड्यात कॅन्सरची गाठ होती. दवाखान्यात विजेचे शेक देऊन झाले, गाठ गेली, पण तोंड आतून सोललंय. डॉक्टर म्हणतात, आता खायला घाला. आणि ही खाईना. जिच्या हातचा मसाला सगळी गल्ली खाते, ती फिकी पेज बघून तोंड फिरवायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. मला फार भीती वाटत होती.

मंगळवारी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, तेव्हा कळलं की डिंक तेलात नाही, पाण्यात विरघळतो, आणि दुसरी पुडी कोमट पेजेत ढवळली. वास घरभर सुटला. ओट्यावर पडलेली तुझी आई भिंत धरत आत आली.

"ह्यो माझा मसाला हाय! बरणी पोरीनंच नेली व्हती!"

तू लग्नाला नाही म्हणून शिकायला निघालीस, तेव्हा 'परत ही पायरी चढू नको' म्हणाली होती ना ती? त्याच दिवशी तिच्या मसाल्याची बरणी गायब झाली आणि तिनं समोरच्या बिचाऱ्या गुणाबाईवर आळ घेऊन अबोला धरला. आता स्वतः जाऊन तिची माफी मागून आली.

त्या दिवशी वाटी पुसून खाल्ली तिनं. मग रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू? तेव्हापासून रोज पेज जाते पोटात.

शेवटची पुडी मात्र देवाच्या फळीवर ठेवलीय. मला हात लावू देत नाही. म्हणते, "पोरगी आली की तिच्या हातानं घालंल." यंदाच्या मिरच्याही अजून कांडपाला दिल्या नाहीत. वाळून कडकडीत झाल्यात, तरी रोज उन्हात पसरते आणि रस्त्याकडे बघत बसते.

वर 'सगळं ठीक' लिहिलंय, ते खोडत नाही. तू आलीस की खरं होईल.

आईच्या शेजारी ओट्यावर बसलेला,
तुझा बाबा