तुरीच्या डाळीचा वैमानिक

मंगळवार, २ ऑक्टोबर १९५६

चाकं उलटी बसली. विमान टेबलावर ठेवलं की नाक वर करून आढ्याकडे बघतं. सोडवायला गेलो तर एक चाक उडालं, ते थेट निर्मलाच्या फोडणीत. तिनं ते चमच्यानं काढलं आणि जेवताना माझ्या ताटात वाढलं. "हे तुमचं."

मेहुणा वसंत मुंबईला गोदीत आहे. कुणा खलाशानं दिलेलं खोकं त्यानं गणपतीत आणलं. आत प्लॅस्टिकचे सुटे तुकडे, चिकटवायच्या द्रवाची नळी आणि इंग्रजी सूचनांचा कागद. तुकडे जोडून रंगवले की वीतभर विमान. आणलं होतं वंदनासाठी. भाचीचं लग्नाचं वय झालं हे मामाच्या ध्यानात नव्हतं. मी ठेवून घेतलं.

संपादकांना मजकूर हवाय: एक नोव्हेंबरपासून बऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात, राजधानी भोपाळ, तर गावाची मनःस्थिती काय? केळीच्या वखारीत भिकनशेठना विचारलं. म्हणाले, "नागपूर असो का भोपाळ, केळं रेलनंच जाईल ना, भाऊ?" तेच लिहून धाडलं. मजकूर वेळेत गेला. मजकूर नेहमीच वेळेत जातो. विमानाचं तसं नाही.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

घट बसले. निंबोल्याहून सासूबाई आल्या. दुपारी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या आणि माझा वैमानिक हरवला. वैमानिक तांदळाच्या दाण्याएवढा, रंगही पांढरा. चूक माझीच — सुपाशेजारी ठेवला होता.

"एक खडा होता," सासूबाई म्हणाल्या, "फेकला."

"त्याला डोळे होते का?"

"जावईबापू, खड्याले डोये राहतात का?"

अंगण धुंडाळलं. चिमण्या होत्या, वैमानिक नव्हता. शेवटी खुर्चीत तुरीची डाळ बसवली. वर काळा ठिपका दिला, केसांचा. लांबून चांगला दिसतो. किंचित लठ्ठ.

शनिवार, ६ ऑक्टोबर

वंदना हल्ली रोज वाचनालयात जाते. वाचनाची गोडी लागली, बरं झालं. माझ्यावर गेली.

सोमवार, ८ ऑक्टोबर

घरात सुतक असल्यासारखं.

मालूबाई येऊन गेल्या. वंदनासाठी स्थळ त्यांनीच आणलंय — तापीपलीकडे जैनाबादचे शालिग्रामराव, केळीचे बागाईतदार. मुलगा यादव इथल्याच शाळेत मास्तर, वाचनाचा नादी. वंदनाला स्थळ पसंत आहे. तोंडानं "तुम्ही म्हणाल ते" म्हणाली, पण विचारलं त्या दिवशी तिनं न सांगता सगळी भांडी घासली.

आज मालूबाई बसल्या आणि आधी लांब श्वास घेतला. "तिकडे गोष्ट गेली आहे, निर्मलाताई. मुलीचा बाप घेतो म्हणून."

"काय घेतो?"

"आता मी काय बोलू? मागच्या टाइमाला आले तेव्हा यांच्या खोलीतून वास येत होता. मी फक्त इतकंच बोलले की वास येतो. बाकीचं लोकांनी जोडलं. आणि प्रभाकररावांचे डोळे पण लाल होते."

डोळे लाल होते कारण खिडकीच्या चौकटी रंगवत होतो, राईएवढ्या! आणि वास त्या नळीचा, वर टर्पेंटाइनचा. हे तोंडानं सांगून पटेना म्हणून नळी आणून नाकाशी धरली. मालूबाईंनी हुंगली, पदर तोंडाला लावला आणि कळवळून म्हणाल्या, "अगं बाई. हे पिता?"

शालिग्रामराव दसऱ्याला सोनं द्यायला येणार आणि काय ते स्वतः हुंगून ठरवणार. मालूबाईंनी जाताना बजावलं, "ते बसत नाहीत हां. उभ्यानं सोनं देतात आणि चालू पडतात. कुणाकडे पाणी पण घेत नाहीत. जे ठरतं ते उंबऱ्यावर."

त्या गेल्यावर निर्मला शांतपणे म्हणाली, "राजघाटावर जा आणि ते तापीत सोडा."

वंदना म्हणाली, "नको आई. टाकून दिलं तर वास कसला होता ते दाखवणार कशावरून? पुरं करून बैठकीत ठेवू. समोरच."

पोर समंजस आहे. तर आता मुदत दसरा. मुदत दिली की माझा हात चालतो.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

पिवळे पट्टे सरळ आले. श्वास रोखून काढले. निर्मला म्हणते, जेवताना तरी घ्या.

शनिवार, १३ ऑक्टोबर

खंडेनवमी. काय लिहू.

सकाळी सबंध अंगाला रुपेरी रंगाचा शेवटचा हात दिला. सायकलच्या दुकानातला, मडगार्डचा. आरशासारखा लागला. डावा पंख तेवढा चिकटवायचा राहिला होता. इतक्यात स्टेशनवरून बोलावणं — संपादकांचं पाकीट गाडीनं पाठवायचं होतं. वंदनाला म्हटलं, "रंग सुकला की पंख चिकटव. नळीतले दोन थेंब, आणि सुटेपर्यंत — चुकलो, धरेपर्यंत — हलवू नकोस." "बरं बाबा," म्हणाली.

परत येतो तो घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडलेली. पाटावर विळी, अडकित्ता, माझी लेखणी, सासूबाईंनी गावाहून आणलेला केळीचा कोयता — आणि मध्यभागी विमान. ओल्या रुपेरी रंगावर हळद-कुंकवाची बोटं. नाकावर अक्षता. शेपटीला झेंडूची पाकळी. सगळं रंगात रुतून बसलेलं! डाळीच्या वैमानिकालासुद्धा कुंकू.

"आई, हे काय केलंत?"

"वाहनाची पूजा नको करू? सायकलीची केली, याची पन केली."

"पण ते खोटं आहे."

"पोरगीच बोलली, आजी, इमान राह्यलं. तिले अक्कल आहे."

पाकळी ओढली तर रंगासकट निघू लागली. तशीच ठेवली. वंदनाला विचारलं, पंख लावलास ना? "लावला," म्हणाली. एवढं तरी बरं झालं.

रविवार, १४ ऑक्टोबर, दसरा

सगळं लिहून ठेवतो. हात अजून चिकट आहेत.

शालिग्रामराव संध्याकाळी आले. पांढरा फेटा, हातात आपट्याची पानं. मागे मालूबाई. उंबऱ्यातच थांबले. नाक वर केलं, डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. निर्मलानं उदबत्त्या इतक्या लावल्या होत्या की त्यांना आधी खोकला आला.

"वास आहे," म्हणाले.

"त्याचा आहे." मी चौरंगाकडे बोट दाखवलं.

त्यांनी विमान बघितलं. "उडतं?"

"नाही."

"मग कशाला?"

इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण असा प्रश्न कुणाला विचारला नाही आणि मला कुणी विचारला नाही. तेवढ्यात त्यांना कुंकू दिसलं. "पूजा केली आहे," म्हणाले, आणि चपला काढून आत आले. पूजेचं वाहन म्हटल्यावर वाकले, बोटं लावून कपाळाला नेली —

कपाळाला बोटांबरोबर डावा पंखही गेला.

दसऱ्याचा दिवस, पुजलेलं वाहन आणि पाहुण्याच्या हातात त्याचा पंख! सासूबाई आतून म्हणाल्या, "अशुभ झालं. जोडल्याशिवाय जाऊ देऊ नका."

शालिग्रामरावांचा चेहरा उतरला होता. "जोडता येईल?"

"येईल. पण धरून बसावं लागेल."

ते बसले. जैनाबादचे शालिग्रामराव आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसले, एका हातात विमान, एका हातात पंख. मी दोन थेंब लावले. "हलवू नका."

"शिंक आली तर?"

"तिकडे तोंड करून शिंका."

वंदनानं चहा आणला. त्यांचे दोन्ही हात अडकलेले. तिनं बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठाला लावली. त्यांनी आधी मालूबाईंकडे पाहिलं, मग प्याले. दुसरी बशीही प्याले.

"आत कोण बसलंय?" डोळे बारीक करून विचारलं.

"तुरीची डाळ."

"आमच्याकडची तूर पाठवतो. बारीक असते. हा फार लठ्ठ आहे."

पंख केव्हाच धरला होता. पण ते काही सोडेनात, आणि मीही सांगितलं नाही.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

मालूबाई धापा टाकत आल्या. परवा शालिग्रामराव घरी पोचले तर कपड्यांना नळीचा वास, बोटं चिकटलेली, आणि वर म्हणतात, मी विमान धरून बसलो होतो. यादवच्या आईनं त्यांना रात्रभर ओसरीवर ठेवलं.

पण होकार आहे. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटेल. शालिग्रामरावांनी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत: सुपारीला येताना विमान आणा, बायकोला दाखवायचंय. आणि वसंतला विचारा, दुसरं खोकं कधी येतं.

बुधवार, १७ ऑक्टोबर

सकाळी विमान बांधताना सहज म्हटलं, नळीतला माल कमअस्सल दिसतो, पंख निघालाच कसा. वंदना दारात वेणी घालत होती. म्हणाली, "मी लावलाच नव्हता, बाबा. नुसता टेकवला होता. एकदा बसले की ते फार चांगले आहेत, पण त्यांना बसवायला काहीतरी कारण लागतं."

हे तुला कोणी सांगितलं, म्हणून विचारलं. तोवर ती पिशवी घेऊन वाचनालयात निघून गेली होती.