पापण्यांची शिस्त

४ नोव्हेंबर, मंगळवार
डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. सकाळी जळजळ, दुपारी लाली, संध्याकाळी धारा. आज चित्रकलेच्या सरांचा निरोपसमारंभ होता. भाषणे चालू असताना माझे दोन्ही डोळे अखंड वाहत होते. वास्तविक त्यांच्याविषयी मला विशेष माया नाही. पण मुख्याध्यापिकाबाईंनी गहिवरून आपला रुमाल पुढे केला. तो नाकारणे असभ्यपणाचे ठरले असते.

चित्रकलेचे सर गेले म्हणजे परीक्षेच्या मुख्य पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. सहामाहीतले काम पाहून बाई ती भरणार आहेत. या जागेवर माझ्याइतका नैसर्गिक हक्क कोणाचाही नाही. मी परीक्षेला उभा राहिलो की पापणी लवत नाही. मुलांनी मला ‘सीसीटीव्ही’ असे नाव ठेवले आहे. टोपणनाव म्हणून थोडे उद्धट, प्रमाणपत्र म्हणून उत्तम.

संकल्प: परीक्षेपूर्वी डोळे शास्त्रशुद्ध पद्धतीने बरे करणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ती माझीच विद्यार्थिनी निघाली. त्या वेळी शेवटच्या बाकावर बसायची. तिने दिवा लावून पाहिले आणि डोळे कोरडे झाल्याचे सांगितले. मी नम्रपणे निदर्शनास आणले की, ज्या नळाला इतके पाणी आहे त्याला कोरडा म्हणता येत नाही. तिने शांतपणे समजावले. डोळ्यावरच्या पाण्यावर तेलाचा एक बारीक थर असतो. तो कमी पडला की पाणी लगेच उडून जाते, डोळा घाबरतो आणि भरमसाट पाणी सोडतो, पण ते टिकत नाही. विवेचन अचूक होते, मांडणी मात्र कच्ची. म्हणून मी तिच्याच चिठ्ठीच्या मागे या थरांची आकृती काढून दिली.

आयुष्यभर मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि ही म्हणते तेलच कमी आहे!

उपाय: थेंब, गरम शेक आणि पापण्या मिटणे. शेवटी म्हणाली, “सर, तुम्ही पापण्याच मिटत नाही हो.” मी आभार मानले. जुने विद्यार्थी अशी दाद देतात तेव्हा बरे वाटते.

८ नोव्हेंबर, शनिवार
थेंबांना प्रारंभ. मान मागे, बाटली काटकोनात, श्वास रोखून. पहिला थेंब भुवईवर, दुसरा मिशीत, तिसरा कानात. आमच्या हिने विचारले, मी घालू का? मी सांगितले की, रुग्णाने स्वावलंबी असावे. बाटली संपली. उशी आता मुळीच कोरडी नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
शेक. डॉक्टरने ओला गरम फडका सुचवला होता. परंतु फडका लवकर निवतो, हा त्या उपायातील मूलभूत दोष. उकडलेले अंडे उष्णता धरून ठेवते, शिवाय आकार डोळ्याच्या खाचेस अनुरूप. हिने डब्यासाठी उकडत ठेवलेली दोन अंडी घेतली, सहन होईल इतकी निवू दिली, रुमालात बांधली आणि आडवा झालो. दहा मिनिटे स्वर्गसुख. मग कूस बदलली. उजवे अंडे पुरेसे उकडलेले नव्हते.

बलक भुवईतून निघायला वेळ लागला. हिने डब्यात केळे घेतले आणि जाताना विचारले की, तव्याचा काही बेत आहे का? शास्त्राच्या वाटेवर घरच्यांची कुचेष्टा सोसावीच लागते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आता तिसऱ्या उपायाकडे वळणे प्राप्त आहे. पापणी मिटायची म्हणजे अर्धवट नव्हे. वरची पापणी खालचीला पूर्ण टेकली तरच तेलाच्या ग्रंथी दाबल्या जातात. कोणतीही क्रिया लयीत बसवली की अंगवळणी पडते, म्हणून मी पद्धत आखली: तीन वेळा सावकाश, ठसठशीत मिटणे, मग विराम, पुन्हा तीन. आरशासमोर सराव उत्कृष्ट झाला.

बसमध्येही सराव केला. समोरच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. पुढच्या थांब्यावर कंडक्टर माझ्याशी बोलला. तो बराच वेळ बोलला. उरलेले अंतर चालत आलो, व्यायाम झाला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सहामाहीचा पहिला दिवस. पेपर भूगोलाचा, सगळा बहुपर्यायी. माझ्याकडे मोठा हॉल. पंखे घरघरत होते, अशा हवेत डोळे लगेच सुकतात. त्यामुळे सुरुवातीपासूनच पद्धत अमलात आणली. तीन, विराम, तीन.

परिणाम थक्क करणारा. एरवी मुले खिडकीकडे पाहतात, एकमेकांकडे पाहतात, पंख्याकडे पाहतात. आज सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. एकदा वर पाहायचे, मान खाली घालायची, लिहायचे. पुन्हा वर. कुजबुज नाही, चिठ्ठी नाही, कॉपीचे नावही नाही. काहींनी तर लिहिलेली उत्तरे खोडून नव्याने विचार केला. पहिल्या बाकावरची मुलगी सद्गदित झाल्यासारखी दिसली. जाताना एक जण हळूच “थँक्यू सर” म्हणाला.

आणि डोळ्यांची जळजळ निम्म्यावर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मुख्याध्यापिकाबाई स्वतः दारातून डोकावल्या. अशी शांतता त्यांनी या शाळेत कधी पाहिली नसल्याचे म्हणाल्या. जागा माझी झाल्यात जमा आहे. पद स्वीकारतानाचे चार शब्द लिहून ठेवले. विषय: दक्षता व विश्रांती यांचा समन्वय. हिला वाचून दाखवले. ती म्हणाली, आधी जागा तरी मिळू द्या. हिला मोठ्या गोष्टींची सवय नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
भूगोलाच्या बाई उत्तरपत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि मटकन खाली बसल्या. माझ्या हॉलमधल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक प्रश्नाला पर्याय ‘क’ निवडला आहे. सबंध हॉलने सूर्य दक्षिणेला मावळवला आहे. हुशार मुलांनी बरोबर उत्तर खोडून मावळवला आहे. मी बाईंना धीर दिला आणि संकल्पना कच्च्या राहिल्या की असे होते, हे सौम्य शब्दांत सुचवले. दिशा पुन्हा शिकवाव्यात. हवे तर मी आकृती काढून देईन.

बाई माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. पापणी न मिटता. त्यांनाही हा त्रास होणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावले. भूगोलाच्या बाई होत्या, आणि पहिल्या बाकावरची ती मुलगी. तिला काय झाले ते सांगायला सांगितले. ती खाली मान घालून म्हणाली, “सर कधी म्हणजे कधीच पापणी मिटत नाहीत. त्या दिवशी तीनदा मिटली. परत तीनदा. आम्हाला वाटलं, तिसरा पर्याय. चुकीचा वाटत होता, पण सर उगीच कशाला करतील?”

मुख्याध्यापिकाबाईंनी मला करून दाखवायला सांगितले. मी दाखवले. तीन, विराम, तीन. बाईंनी कपाळ हातात धरले. मी तेलाच्या थराचे महत्त्व सांगू लागलो. भूगोलाच्या बाईंनी तेवढ्यात खिडकी उघडली.

परीक्षा पुन्हा होईल. मुख्य पर्यवेक्षक खेळाचे सर. मी आदरपूर्वक लक्षात आणून दिले की, ते पर्यवेक्षण करताना झोपतात. बाई म्हणाल्या, “झोपू देत. त्यांचे डोळे काही सांगत तरी नाहीत.”

निर्णय प्रशासकीय आहे. मी तो मनाला लावून घेतलेला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पुनर्तपासणी. आज हीही बरोबर आली. का, ते सांगितले नाही. डॉक्टरने नवी तपासणी केली. कागदाची एक अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ती किती भिजते ते मोजायचे. अत्यंत सोपी व वस्तुनिष्ठ चाचणी. माझी पट्टी पाहता पाहता टोकापर्यंत भिजली. खाली थेंब पडला. डॉक्टर चकित झाली. एवढा फरक इतक्या लवकर तिने पाहिला नव्हता. काय केलेत, म्हणाली. मी पद्धत समजावून सांगायला घेतली. प्रथम सिद्धांत, मग लय, मग विरामाचे प्रयोजन.

मागच्या खुर्चीतून ही हलक्या आवाजात म्हणाली, “अगं, हे काल दुपारपासून रडताहेत.”

डॉक्टरने पट्टी टोपलीत टाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितले. तूर्त माझा निकाल राखून ठेवण्यात आला आहे.