शैलाच्या दुखण्याला विमा

शनिवार, अल नहदा

फार दिवसांनी लिहितोय, वहीबाई, माफ कर. जावई विजयराव फौजेत, सीमेवर. त्यांचा फोन लागत नाही. लेक शैला इथे आखातात नोकरी करते आणि रात्र-रात्र जागते. आज तिच्यासोबत मनाच्या डॉक्टरकडे गेलो. नुसत्या काळजीला विमा कसा मिळेल? पुरावा हवाच, म्हणून तिचे जुने एक्स-रे पिशवीत घेतले. काउंटरवरची मुलगी हसली. "अंकल, इसमें एक्स-रे नहीं लगता. अप्रूवल आ गया, खलास!" म्हणजे विमा कंपनीची मंजुरी आली, काम झालं.

"बाबा, आता तरी बसा," शैला म्हणाली.

ती आत बराच वेळ बोलली. नुसतं बोलायचं, आणि खर्च विम्याचा! एक्स-रेत न दिसणारं दुखणं कुणीतरी खरं मानलं. मी थक्कच. बाहेर आल्यावर तिनं आपणहून चहा मागितला.

तरी कान फोनकडेच. विजयराव, असाल तिथून लवकर खुशाली कळवा हो.