तोंडात धरलेला घोट

१४ ऑक्टोबर

ती. आई,

तुम्हाला आणि बाबांना नमस्कार. आम्ही बरे आहोत. चिमीचा पुढचा दात हलतोय, दिवसभर जिभेने ढकलत असते. तुम्ही विणलेला स्वेटर तिला आखूड होतो, पण अंगातून काढत नाही.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "त्या कोचबाईंनी तुझे कान भरलेत." कान नाही हो भरले. तोंडं भरली, तीही पाण्याने.

परक्या देशात आलेल्या कुटुंबांना रुळायला मदत करायची, हे त्यांचं काम. ह्यांच्या कंपनीनेच त्यांना नेमलं होतं. दर शनिवारी आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसायचो. मला विचारलं, "कशी आहेस?" की हे म्हणायचे, "तिला जरा माणसांची सवय आहे." चिमीला शाळेबद्दल विचारलं, तरी उत्तर ह्यांचंच. एके दिवशी बाईंनी तीन पेले मांडले. ज्याला विचारलंय त्याने बोलायचं, बाकीच्यांनी पाण्याचा घोट तोंडात धरून ऐकायचं.

चिमी म्हणाली, "मी डबा एकटीच खाते." ह्यांचे गाल फुगलेले आणि डोळे भरलेले. मग माझी पाळी. मी म्हटलं, "मला माझं काम हवंय." ह्यांनी सगळं पाणी बाईंच्या कागदांवर उडवलं! चिमी हसून हसून खुर्चीवरून पडली.

बाईंनी मला अर्ज करायला शिकवलं, मुलाखतीची तालीम घेतली. चिमीच्या वर्गशिक्षिकेशी मीच जाऊन बोलले, मोडकंतोडकं. आता तिच्या डब्यात तीन हात असतात. आणि मी इथल्या एका लॅबमध्ये पुन्हा दातांच्या कवळ्या बनवते. तुमची बनवली होती, तशाच. मेणाचा वास आला की हात आपोआप चालतात.

ह्यांचं इथलं काम संपलं, हे तुम्हाला कळलंच आहे. वरची खोली रंगवून ठेवलीत, तेही कळलं. ती ह्यांच्यासाठी राहू द्या. मी आणि चिमी येत नाही. माझ्या लॅबने आमचे राहण्याचे कागद करून दिलेत. संसार मोडत नाहीये, आई, लांबतोय. हे सुट्टीला येतील, आम्ही तिकडे येऊ. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

ह्यांना पटायला वेळ लागला. शेवटी म्हणाले, "आईला मात्र तूच सांग. मला नाही जमायचं." म्हणून हे पत्र.

रागवा. पण एक करा. मी दर फोनला विचारते, "आई, गुडघा कसा आहे?" आणि मागून बाबा म्हणतात, "बरा आहे तिचा." इतक्या वर्षांत तो गुडघा तुमच्या तोंडून मी ऐकलेला नाही. रविवारी फोन करीन. आधी बाबांच्या हातात पाण्याचा पेला द्या, आणि मग तुम्ही सांगा.

वाट पाहते.

इथेच राहणारी,
तुमचीच सून