एकशे बेचाळीस कुटुंबं

लालबाग,
१७ फेब्रुवारी १९५९

प्रिय अच्युत,

तुझी चिठ्ठी काल शिपायाने घरी आणून दिली. ‘तुझ्या अहवालातलं पान सात आणि पान अकरा थोडं सौम्य करता आलं तर बघ. मंडळाच्या भल्यासाठी.’ खाली सही आणि शिक्का: चिटणीस, निराधार गृहसाहाय्य मंडळ, गिरगाव. दोन वर्षांत माझ्या नावाने तुझं काही आलं, ते हे. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. नाही. एक शब्दही बदलणार नाही.

मंडळाचं भलं मला कळत नाही असं समजू नकोस. ते जन्मलं तेव्हा मी तिथेच होते. छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला, संचारबंदी लागली, आणि ती जरा सैल झाल्यावर तू गिरगावातून भाकऱ्यांची गाठोडी घेऊन आमच्या चाळीत यायला लागलास. आमच्या मजल्यावरच्या एका विणकराच्या मांडीत गोळी शिरली होती. महिनाभर तो इस्पितळात, भाडं थकलेलं, आणि मालकाच्या माणसांनी त्याच्या बायकोचा संसार गॅलरीत मांडून ठेवला. तू ती भांडी पाहिलीस. मग म्हणालास, “उर्मिला, मुंबई आपली, मुंबई आपली म्हणून आपण घसे फोडतोय. हिची कुठली मुंबई?” त्याच आठवड्यात तू गिरगावात वर्गणीचा डबा घेऊन फिरलास आणि मंडळ उभं राहिलं. आपल्या दोघांचं मात्र काही उभं राहिलं नाही. गिरणीतल्या जॉबरची मुलगी, बी. कॉम. झालेली असली तरी, तुमच्या घराला चालली नाही. ते आज उकरायचं नाही. माझा राग त्याचा नाही, एवढं मात्र नीट समजून घे, कारण समितीत कुणीतरी तसं म्हणेलच.

हे काम मी मागून घेतलं नव्हतं. आनंदीबाईंनी वसईकडची जमीन विकली आणि चाळीस हजार रुपये मंडळाच्या इमारतीला द्यायचं कबूल केलं. अट एकच घातली, की नुसता जमाखर्च नको, पैशाने माणसांचं काय झालं तेही तपासून लिहून द्या. काम आमच्या ऑडिटच्या ऑफिसकडे आलं आणि साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. आपली ओळख त्यांना ठाऊक नव्हती.

जमाखर्च तीन दिवसांत संपला. तुझ्या वह्या सुंदर आहेत. जवळजवळ प्रत्येक खर्चाला पावती, प्रत्येक पावतीवर नंबर. कुणी एक पैसाही खाल्लेला नाही, आणि तसं मी पहिल्याच पानावर लिहिलं आहे. पण रुपयातले नऊ आणे गेलेत ते कचेरीचं भाडं, वार्षिक समारंभ, पाहुण्यांचे हार, आणि त्या गुळगुळीत कागदावरच्या अहवालाची छपाई यांत. हे पान सात. यात सौम्य काय करू? नऊचे आठ आणे लिहू?

मग वार्षिक अहवालातलं वाक्य घेतलं. ‘एकशे बेचाळीस कुटुंबांस हक्काचे घर लाभले.’ ती घरं कुठे आहेत म्हणून शोधलं, तर नोंदवहीत पत्ते नव्हतेच. नुसता एक रकाना होता, ‘निवाऱ्यातून गेल्याची तारीख’. माझगावच्या आपल्या निवाऱ्यात तीन महिने ठेवायचं, मुदत संपली की बाहेर काढायचं, आणि जो बाहेर गेला त्याला घर लाभलं असं मोजायचं. तरी मी म्हटलं, लाभलंही असेल. अकरा रविवार मी हिंडले, अच्युत. करी रोड, परळ, भायखळा, बंदराकडचे रस्ते. एकशे बेचाळीसपैकी शहाण्णव कुटुंबं सापडली. त्यांतली एकोणचाळीस छपराखाली होती. सत्तावन्न पुन्हा फुटपाथवर.

कौसल्या त्या सत्तावन्नांतली. तुला ती माहीत आहे. तुझ्या अहवालाच्या मुखपृष्ठावर हसणारी, मुलीला कडेवर घेतलेली बाई. डॉकयार्डच्या भिंतीला ताडपत्री बांधून राहते. मी तो अहवाल तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले आणि बराच वेळ पाहिलं. “मीच की काय ही? लुगडं छान दिसतंय.” मी विचारलं, आता कुठे आहे ते लुगडं? तर म्हणाली, “ते फोटोपुरतं दिलं होतं ताई. मंडळाच्या बाई परत घेऊन गेल्या. पण पोरीला बिस्कीट दिलं, ते ठेवू दिलं.” ती तक्रार करत नव्हती. खरंच बिस्किटाचं कौतुक सांगत होती. मला मात्र तिथे उभं राहवेना.

आता त्या एकोणचाळीस घरांबद्दल, म्हणजे पान अकराबद्दल. एकोणचाळीसपैकी तेहतीस घरांत एकच उत्तर मिळालं: “गंगुबाईंनी बघून दिलं.” तीस रुपये पगारावर तुम्ही लालबागला नेमलेली सेविका. गिरणीच्या वाइंडिंग खात्यातून कमी केलेली विधवा, सही करताना जीभ बाहेर काढणारी. तिने चाळी पालथ्या घातल्या. कुणाच्या खोलीचा अर्धा भाग मिळवला, कुणाचा पोटमाळा, तर कुणा म्हाताऱ्याला म्हणाली, तुला भाकरी करून घालणारी बाई देते, तिला कोपरा दे. आणि जिथे अनामत लागली, पागडीतला वाटा लागला, तिथे दूध-औषधांच्या नावाने उचललेले मंडळाचे पैसे भरले. चौदाशे ऐंशी रुपये, एकाचीही पावती नाही. मी तिला फैलावर घेतलं, खोटं कशाला सांगू. तिने उलट मलाच विचारलं. “पागडी घेणारो पावती देता काय गो बाय? दिल्यान तर तोच आत जायत. तू लालबागची मां? तुका म्हायत नाय?” मला माहीत होतं. माझ्या बापाने आमची खोली तशीच घेतली होती.

तिची चूक मी झाकलेली नाही. दुधाच्या नावावर पागडी दाखवणं चूकच, तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण त्याच्याच खाली हेही लिहिलं, की मंडळाने वर्षभरात खर्चलेल्या अठरा हजारांपैकी ज्या पैशाने माणूस घरात गेला, तो बहुतेक या चौदाशे ऐंशींतला आहे. पावत्या आहेत तिथे घर नाही, आणि घर आहे तिथे पावती नाही. आणि तुमच्या समितीने काय ठरवलं? गंगुबाईवर अफरातफरीचा ठपका ठेवायचा, तिला काढायचं, आणि स्वच्छ झालेलं मंडळ आनंदीबाईंपुढे उभं करायचं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “मिस परब, आपण आकडे तपासतो, लोकांची घरं नाही. ती दोन पानं काढा.” मी म्हटलं, घरं तपासायचेच पैसे आपण घेतले आहेत. मग ते म्हणाले, काढत नसाल तर महिनाअखेरपर्यंतचा पगार घ्या. मी पगार घेतला आणि अहवालाची माझ्या हाताची प्रत घेतली. घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अठ्ठावीसच्या संपात आम्ही सहा महिने काढले. तू दोन काढ.”

दुसऱ्या दिवशी मी प्रत घेऊन आनंदीबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळी चौदा पानं वाचली. मधे चहा आला, तो तसाच गार झाला. शेवटी एवढंच म्हणाल्या, “छापील अहवालाच्या मुखपृष्ठावरची ती बाई मला दाखवाल?” मी त्यांना टॅक्सीने माझगावला नेलं. सत्तर वर्षांची बाई, नऊवारी सावरून कौसल्येच्या ताडपत्रीखाली वाकून शिरली आणि अर्धा तास बसली. परत येताना म्हणाल्या, “माझ्या नावाची फरशी लागणार होती ना त्या इमारतीत? नको मला. खोल्या घ्या, मिळतील तिथे, कायद्यात बसवून घ्या, आणि त्या गंगुबाईंना ठेवा. हिशेब त्यांना जमत नसेल तर तो तुम्ही लिहा.” शनिवारच्या बैठकीला त्या स्वतः येणार आहेत. हे तुला समितीआधी कळावं असं वाटलं. पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही.

नोंदवही अजून माझ्याकडे आहे. पहिल्यांदा चाळली तेव्हा काही नावांपुढे कागद खडबडीत लागला. खिडकीशी नेऊन तिरपा धरला. तेवीस नावांपुढे शिसपेन्सिलीने लिहून खोडलेलं होतं. बाकीचं पुसट, पण कौसल्येपुढचं वाचता आलं: ‘डॉकयार्डची भिंत. स्वतः पाहिलं.’ अक्षर कुणाचं, हे मला कुणी सांगायला नको. मी कौसल्येला विचारलं, तर म्हणाली, “हो, एक चष्मेवाले आले होते. पोरीच्या हातात दोन रुपये ठेवले आणि गेले.” म्हणजे माझ्याआधी तू फिरलास, अच्युत. तू तेवीस कुटुंबं शोधलीस, मोजलीस आणि रबराने पुसलीस. हे मी अहवालात लिहिलेलं नाही. आनंदीबाईंनाही सांगितलं नाही. मंडळाचं जे होतं ते लिहिलं, हे तुझं आहे. शनिवारी साडेपाचला बैठक आहे आणि पहिलाच विषय गंगुबाईला काढण्याचा. ठराव चिटणीस मांडणार, म्हणजे तूच. तो मांडू नकोस. उभा राहा आणि सांग, की हे मला वर्षभर ठाऊक होतं. तुझ्या तोंडून ते आलं तर मंडळ वाचेल, आणि तूही वाचशील, असं मला अजून वाटतं. तू बोलला नाहीस तर मी बोलेन. वही घेऊनच येते आहे, आणि तेवीसही नावं मला पाठ आहेत. याला विनवणी समजू नकोस, धमकीही नको. सगळ्यांच्या आधी बोलायची संधी तुला मिळावी, म्हणून लिहिलं.

एके काळची तुझी, आणि त्या मंडळाची आजही,
उर्मिला